देसगतीची वारस: नायिकेला गादीपर्यंत न्यायचंय, पण पटेल असं कसं?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

अद्भुतकथेचा सांगाडा टाकतोय, ठोकून काढा. राज्य कल्पनेतलं, माती मात्र आपल्याकडचीच: पश्चिमेला घाट आणि जंगल, पूर्वेला काळी रानं, मधून नदी. कळसगड नावाची देसगत (देसाईचं वतन), ८४ गावं. देसाई वारलेत, मुलगा नाही. मुलगी रेवाक्का, वय १६. कारभार चुलत्याच्या, बसवंतरावाच्या हातात. वरती एक मोठा राजा आहे, त्याला खंडणी जाते.

आत्ताचा क्रम असा: सोळाव्या वर्षी दरबारात अपमान, सतराव्या वर्षी म्हाताऱ्या शिलेदाराकडून तलवार, अठराव्या वर्षी अंगातली जादू जागी होते, एकोणिसाव्या वर्षी द्वंद्वात चुलता मरतो आणि राज्याभिषेक. वाचणाऱ्यांना पटेना. कुठं फसतंय?

---

दफ्तरदार

चुलता मेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी वसुलीच्या पावतीवर शिक्का कोण मारणार? याचं उत्तर सांगाड्यात नाही, तिथंच फसतंय.

आपल्या उशाशी कित्तूर आहे, त्याकडे बघा. १८२४ मध्ये राणी चन्नम्माच्या सावत्र मुलाचा मृत्यू झाला, दत्तक घेतला, कंपनीने दत्तक नाकारला. धारवाडचा कलेक्टर ठॅकरे आला तो आधी खजिन्यावर शिक्के आणि पहारे ठेवायला. लढाई झाली २३ ऑक्टोबरला, ठॅकरे त्यात पडला, पण भांडणाचं मूळ दोन गोष्टींत होतं: वारस कोणाच्या सहीने ठरणार आणि तिजोरीला कुलूप कोणाचं. डिसेंबरात किल्ला पडला, राणी बैलहोंगलला कैदेत, तिथंच १८२९ मध्ये गेली. लेखक मंडळी यातली फक्त तलवार उचलतात.

म्हणून रेवाक्काबद्दल चार प्रश्न आधी सोडवा. तिच्या नावाने कुठला पैसा येतो? कुठल्या कागदावर तिचा शिक्का चालतो? कोणाचा पगार तिच्या हातून जातो? वरचा राजा पत्र कोणाच्या नावाने लिहितो? या चारांची उत्तरं एकेक करून तिच्या बाजूला आणा. तेच तुमचे चार भाग. द्वंद्व ठेवायचं तर ठेवा, पण त्याने काही ठरू नये.

---

हिरण्यकेशी

दफ्तरदार आण्णा, एक अडचण आहे की. आपल्या इतिहासात ज्या बायकांनी कारभार केला त्या बहुतेक विधवा किंवा अज्ञान मुलाच्या आई. ताराबाई १७०० मध्ये राजाराम गेल्यावर लहान मुलाच्या नावाने. अहिल्याबाई १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेल्यावर. कागलच्या घाटग्यांची लेक बायजाबाई, दौलतराव शिंदे गेल्यावर १८२७ पासून ग्वाल्हेरला. कुमारी मुलगी बापाची वारस म्हणून बसलीय असं सहज सापडत नाही. सोळा वर्षांची बिनलग्नाची मुलगी कोणत्या आधारावर हक्क सांगणार?

आणि दुसऱ्याच्या नावाने मिळालेली सत्ता कशी जाते तेही बघा. ताराबाईला १७१४ मध्ये सवत राजसबाईने बाजूला केलं, आपला मुलगा गादीवर बसवला. बायजाबाईला १८३३ मध्ये तिनेच दत्तक घेतलेल्या जनकोजीने बाहेर काढलं. मुलगा मोठा झाला की आईचा शिक्का संपतो. रेवाक्काला कुणीतरी ‘एक पोर दत्तक घे’ असा सल्ला देईल, तो सल्ला म्हणजे सापळा. अहिल्याबाईच्या वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडने हेच सुचवलं होतं. पोर अज्ञान, म्हणजे कारभार दिवाणाचा. तिने नाकारलं. तुमच्या कथेत हे वाक्य चुलत्याच्या तोंडी गोड आवाजात घाला.

---

स्मृतीचा_किडा

आधार आहे, हिरण्यकेशीताई. त्याला पुत्रिका म्हणतात. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे: ज्याला मुलगा नाही त्याने मुलीलाच विधिपूर्वक ‘पुत्रिका’ करावं, तिचा मुलगा तो आजोबाचा वारस. शास्त्रात हक्क नातवाकडे जातो. अद्भुतकथेत एक पाऊल पुढं टाका: कळसगडच्या रिवाजात नातू होईपर्यंत पुत्रिकाच शिक्का धरते. पण विधी बापाने हयातीत, साक्षीदारांसमोर केलेला हवा. म्हणजे कथेला एक ठोस शोध मिळतो: विधी झाला होता का, साक्षीला कोण होतं, त्यातले किती जिवंत आहेत?

पैशाचाही आधार तिथंच. स्त्रीधन मनूने सहा प्रकारचं सांगितलं: लग्नातल्या अग्नीसमोर मिळालेलं, सासरी जाताना मिळालेलं, प्रेमाने दिलेलं, आणि भाऊ, आई, बाप यांच्याकडून आलेलं. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत (याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत) ही व्याख्या ताणून वारशाने, खरेदीने, वाटणीने आलेलंही त्यात घेतलं. आणि हा विज्ञानेश्वर लांबचा नव्हे, कल्याणीच्या चालुक्य दरबारातला, आपलं बसवकल्याण. ‘खरेदीने आलेलं’ हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढं कामाला येतील.

एक सूचना. सौंदत्तीच्या बाजूला देवाला सोडलेल्या मुलींना मुलासारखा वारसा मिळायचा, ती रीत कथेत गोंडस करून घ्यायचा मोह होईल. नका करू. त्या वारशाची किंमत त्या मुलींनी कशी मोजली ते इथं सगळ्यांना माहीत आहे, १९८२ मध्ये कर्नाटकाने कायदा करून ती बंद केली.

---

गल्लीतला_गणप्या

म्हणजे कादंबरीत आधी वकील आणायचा काय गा?

---

निपाणीची_पेठ

वकील नको, कारकून आणा. खाली कळसगडचा ताळेबंद लिहितो, आकडे कथेपुरते आहेत, पण एकमेकांशी जुळतात.

८४ गावं, गावामागे सरासरी ६०० रुपये, एकूण वसूल ५०,४००. वरच्या राजाला खंडणी २०,०००. देवस्थानं, इनामं, गावकामगारांचे हक्क ६,४००. वाडा आणि कारखाने (मुदपाक, पागा, जामदारखाना वगैरे) १२,०००. बापाने करून ठेवलेलं कर्ज ४०,०००, व्याज दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला ४,८००. बेरीज ४३,२००. उरले ७,२००. एका स्वाराला महिना १५ रुपये धरले तर वर्षाला १८०. भागा की. ४० स्वार.

चाळीस! हीच कळसगडची फौज. तुमच्या सांगाड्यात चुलत्याचे चार हजार घोडेस्वार येतात ते कोणाच्या चण्यावर? आणि एका वर्षी पाऊस दगा देऊन वसूल पाव हिश्शाने पडला तर १२,६०० कमी. एकही स्वार न ठेवता ५,४०० ची तूट. म्हणजे सावकाराकडे जाणं आलं. चुलता खलनायक असण्याची गरजच नाही, तो फक्त दोन दुष्काळ खाल्लेला माणूस असू दे. जास्त भीतीदायक वाटेल.

आता रेवाक्काचा पैसा. आईला चोळी-बांगडीसाठी तीन गावं लावून दिलेली असतात, ही खरी रीत. १,८०० रुपये वर्षाला, आणि हा पैसा दौलतीत (राज्याच्या हिशेबात) धरत नाहीत, खासगीत धरतात. होळकरांकडे खासगी आणि दौलत वेगळी होती, अहिल्याबाईच्या हाताला बळ त्यामुळेच. माय-लेकींनी ६०० त भागवलं तर वर्षाला १,२०० शिल्लक, दोन वर्षांत २,४००. दागिने गहाण ठेवून ६००. झाले ३,०००.

या ३,००० चं काय करायचं? इथं नवशिका लेखक सैनिक भाड्याने घेतो. एक वर्षही पुरायचे नाहीत. तिने कर्ज विकत घ्यावं. सगळं नव्हे, एकच खत, म्हणजे कर्जरोखा. ४०,००० पैकी ४,८०० चं एक खत असं आहे की त्याला घाटाची जकात चौकी गहाण आहे. व्याज थकलंय. सावकार बसवंतरावाला घाबरून आहे, रुपयाला दहा आण्याने सोडायला तयार होतो. ४,८०० चे दहा आण्याने बरोबर ३,०००. स्मृतीवाल्यांचं ‘खरेदीने आलेलं’ ते हेच. खत तिचं स्त्रीधन, चुलत्याला त्यावर हात टाकता येत नाही.

---

मलप्रभाकाठ

हे भारी आहे. पण चौकीतून असं मिळतं तरी किती?

---

निपाणीची_पेठ

रामघाटाने वेंगुर्ल्याकडची वाहतूक कशी चालायची ते डोळ्यापुढं आणा: वर मीठ, नारळ, सुकी मासळी, खाली गूळ, मिरची, कापूस, धान्य. लमाणांचे तांडे, बैलाच्या पाठीवर गोणी, एका बैलावर साधारण क्विंटलभर. पावसाचे चार महिने घाट बंद. राहिले आठ महिने, दिवसाला सरासरी १०० बैल, म्हणजे हंगामाला २४,०००. बैलामागे एक आणा. १,५०० रुपये. ३,००० घालून वर्षाला १,५००!

पण रुपयापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मीठ. पूर्वेच्या ८४ गावांना मीठ या एकाच वाटेने येतं. चौकीवर बसलेल्या माणसाला कोणत्या गावात किती खपतं, कोणाकडे रोकड आहे, कोण उधारीवर चाललाय, सगळं कळतं. हेरखातं फुकटात मिळालं. मीठ अडवण्याची धमकी मात्र तिने कधी देऊ नये. एकदा अडवलं की तांडे दुसरा घाट धरतात, आणि गेलेला तांडा पुढच्या हंगामातही परत येईल याची खात्री नाही.

---

खानापूर_जंगल

तलवारीबद्दल थोडक्यात. तलवार किलोच्या आसपास, जड नाही, पण मनगट आणि खांदा तयार व्हायला वर्षं जातात. लहानपणापासून पट्टा फिरवलेल्याला सतरा वर्षांची मुलगी वर्षभरात हरवत नाही. तिला घोडा शिकवा, तो जास्त उपयोगी. आपल्याकडचं भीमथडी तट्टू लहान चणीचं, चिवट, दिवसाला ३५ ते ४० किलोमीटर रोज चालेल. तुम्ही तिला एका रात्रीत दीडशे किलोमीटर पळवलंय. घोडा मरेल.

आणि खाणं. घोड्याला दिवसाला ४ किलो हरभरा धरा. ४० घोड्यांना १६० किलो, दहा दिवसांच्या मोहिमेला १,६०० किलो, म्हणजे १६ बैल नुसत्या दाण्याचे. वैरण घोड्यामागे ८ किलो, ती वाहून नेता येत नाही, चरायला सोडावं लागतं. म्हणून मोहीम दसऱ्यानंतर: गवत तयार, नद्या उतरलेल्या, वाटा वाळलेल्या. सीमोल्लंघन उगाच त्या दिवशी नाही. तुमच्या आठव्या प्रकरणात फौज श्रावणात नदी पार करते. कणकुंबीच्या डोंगरात चार दिवस कोसळला की मलप्रभा काय करते ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे काय?

सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेत २५ घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद आहे. चाळीस स्वारांत असे दोन-दोन तरी दाखवा. नाल निघालेला घोडा हा लढाईत पडलेल्या घोड्याइतकाच निकामी.

---

मलप्रभाकाठ

श्रावण काढतो. 🙏 आता खत घेतलं, पण चुलता म्हणेल खत खोटं. मग?

---

दफ्तरदार

आता तुम्ही माझ्या गल्लीत आलात.

कागदाचा दृश्य भाग नीट कळला तर अख्खं प्रकरण त्यावर उभं राहील. जुना महत्त्वाचा कागद एका तावाचा नसतो. बंदाला बंद (कागदाचे पट्टे) चिकटवून लांब गुंडाळी होते. वर शिक्का, खाली मजकूर संपला तिथं मोर्तब, म्हणजे त्याच्यापुढं कुणी ओळ वाढवू नये. आणि मागच्या बाजूला, जिथं दोन बंद जोडलेत, बरोबर त्या सांध्यावर छाप. अर्धी वरच्या बंदावर, अर्धी खालच्या. मधला बंद बदलला की दोन अर्ध्या जुळत नाहीत. (शिक्के शाईने उमटवायचे. वितळलेली लाख कागदावर ओतून वर अंगठी दाबायची ही पद्धत परदेशी कथांतून आलीय, ती नको.)

प्रसंग असा करा. बसवंतराव पुत्रिकाविधीचा कागद हजर करतो, त्यात रेवाक्काचं नाव नाही, ‘भावाने कारभार करावा’ असं आहे. वरचा शिक्का खरा, खालचं मोर्तब खरं. सगळे गप्प. रेवाक्का कागद वाचतच नाही. उलटा करते, समईच्या उजेडाला धरते आणि सांध्यावर बोट ठेवते. वरच्या अर्ध्या छापेतल्या चंद्रकोरीचं एक टोक खालच्या बंदावर यायला पाहिजे. खाली नुसता कोरा कागद.

पुढचं काम गोतसभेचं. वतनाचा वाद एकटा राजा तोडत नाही: देसाई, नाडगौडा, पाटील, शानभोग-कुलकर्णी, शेटे, बलुतेदार बसतात आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होतो. त्यावर लिहिता न येणारे निशाणी करतात: पाटलाचा नांगर, वाण्याची तागडी, ज्याचं जे हत्यार ते. ८४ गावांच्या पाटलांपैकी किती नांगर तिच्या बाजूने उमटतात ते मोजणं हीच तुमची अंतिम लढाई. ५० आले तरी थरार, ४३ आले तर जास्त थरार.

आणखी एक. दफ्तर मोडी मराठीत, रयत कानडी बोलणारी, हे आपल्याकडच्या देसगतीत नेहमीचं. चुलता फक्त ऐकतो, कारकून फक्त लिहितो. रेवाक्काला दोन्ही येऊ दे. कागदात एक आणि तोंडी जबानीत दुसरं असेल तर ते सभेत पकडणारी ती एकटी.

---

बेलवडीची_वाट

सगळं ठीक, पण तलवार इतकी बाजूला टाकू नका. बैलहोंगलजवळ बेलवडी आहे. १६७८ मध्ये तिथल्या देसाईणीने मराठ्यांच्या फौजेला २७ दिवस झुंजवलं, कानडीत मल्लम्मा, मराठी साधनांत सावित्रीबाई. एवढीशी गढी आणि समोर दक्षिण दिग्विजयाहून परतणारी फौज. लोक हिशेब विसरतात, वेढा विसरत नाहीत.

---

निपाणीची_पेठ

२७ दिवस लढायला २७ दिवसांचं धान्य आत लागतं ना ताई. ते भरलं कोणी, हेच तर मी विचारूलालोय.

---

बेलवडीची_वाट

मान्य. पण गढीतल्या माणसांनी दार उघडलं नाही, ते धान्यामुळं नव्हे. तेवढं लिहून ठेवा.

---

खानापूर_जंगल

दोघांचंही बरोबर, आणि कळसगडच्या किल्ल्यात दोन्ही लागणार. आकडे: आत १२० माणसं, ९० दिवस. माणशी किलोभर धान्य म्हणजे १०,८०० किलो. पाणी पिण्या-रांधण्यापुरतं माणशी ५ लिटर म्हणजे ५४,००० लिटर. ६ मीटर लांब, साडेचार रुंद, २ खोल एवढं टाकं. उन्हाळ्यात त्यातलं बरंच उडून जातं, म्हणून दुसरं टाकं हवंच. जनावरं आत ठेवली तर हिशेब कोसळतो, घोडे पहिल्याच दिवशी बाहेर काढा.

किल्ला घ्यायचा कसा, तर भिंतीवरून नको. सभासदाने गडाची व्यवस्था दिलीय: हवालदार, सरनोबत, सबनीस तिघे एका प्रतीचे, शिवाय कोठीसाठी कारखानीस. एकट्याला फितवून गड मिळू नये म्हणून ही वाटणी. रेवाक्काला ती पुरती माहीत असायला पाहिजे. १२० पाईक (पायदळ शिपाई), महिना ३ रुपये, एकूण ३६०. चुलत्याने सात महिने थकवलेत, २,५२० रुपये. हजेरीपट सबनिसाकडे, म्हणजे कोणाचं किती थकलंय ते त्यालाच पाई-पैशापर्यंत ठाऊक. चौकीच्या १,५०० मधून ती फक्त दोन महिन्यांचे, ७२० देते, तेही सबनिसाच्या हजेरीपटावर, माणसाला नावाने बोलावून, सगळ्यांसमोर. राहिलेल्या पाच महिन्यांसाठी पाईक चुलत्याच्या दारात धरणं धरून बसतात. शिपायांनी पगारासाठी धनी कोंडून ठेवायचा, हे मराठेशाहीत होत असे. किल्ला एकही भाला न उचलता फिरला.

चूक कुठं होईल: तिने सातही महिन्यांचे दिले तर. मग पाईक खूश होऊन घरी जातात.

---

हिरण्यकेशी

😂 शेवटचं वाक्य फार खरं.

पण जादूचं काय? धागा अद्भुतकथेचा आहे म्हणे.

---

मलप्रभाकाठ

जादू आत्ता अशी आहे: तिच्या हातातून पाण्याची लाट निघते, माणसं वाहून जातात.

---

स्मृतीचा_किडा

लाट काढता येत असेल तर तिला खत कशाला पाहिजे? वरचं सगळं फुकट गेलं.

जादू मारणारी नको, कळवणारी ठेवा. उदाहरण देतो. वाहत्या पाण्यात मनगटापर्यंत हात घातला की गेल्या तीन दिवसांत ते पाणी कोणी ओलांडलं, किती पायांनी, किती ओझ्याने, एवढंच तिला ऐकू येतं. चेहरे नाहीत, नावं नाहीत. साचलेल्या पाण्यातून काही नाही, विहीर मुकी. पावसाळ्यात नदी इतकी गढूळ बोलते की काहीच उमगत नाही, म्हणजे जादूही दसऱ्यानंतरच चालते, घोड्यांसारखी. आणि किंमत: जितके दिवस ऐकले तितके दिवस माणसांचा आवाज ऐकू येत नाही. तीन दिवसांचं पाणी ऐकलं, तीन दिवस बहिरी.

---

दफ्तरदार

वा. याने कारकुनाला जीव आला. ती बहिरी असते त्या तीन दिवसांत दरबार बंद ठेवता येत नाही, चुलत्याला कळेल. मग शेजारी बसून मोडीत भराभर लिहून दाखवणारा चिटणीस हवा, आणि त्याच्यावर पूर्ण भरवसा हवा. हे पात्र कथेत सगळ्यात धोक्याचं. चिटणिसाने एक शब्द चुकीचा लिहिला तर? मुद्दाम? एकदा तरी तो लिहायला क्षणभर थांबू दे. वाचणाऱ्याचा श्वास तिथं अडकेल.

ताराबाईचं १७०७ मध्ये खेडच्या लढाईत असंच झालं. शत्रू थोर होता म्हणून ती हरली नाही, सेनापती धनाजी जाधव शाहूकडे गेला म्हणून हरली. सत्ता दुसऱ्याच्या हातातून चालते तोवर तो हात कधीही निघतो.

---

हिरण्यकेशी

मग ते हात तिने आधी स्वतः चालवून बघावेत. मल्हाररावांची १७६५ मधली अहिल्याबाईंना पत्रं आहेत, त्यात तोफखान्याच्या कामाच्या सूचना आहेत. म्हणजे गादी मिळण्याआधीच सून कामाला जुंपलेली होती. रेवाक्काला असा शिकवणारा कोणी नाही. आई शिकवू दे. तीन गावांचा हिशेब ती वीस वर्षं ठेवत असेल, तिला काय येत नाही? कथांतली आई नेहमी पहिल्या प्रकरणात मरते, ही जगू दे.

---

मलप्रभाकाठ

आई जगवली. नवा क्रम लिहितो, तपासा: १६, बाप जातो, तीन गावं. १८, खत. १९, चौकी. २०, किल्ल्यातले पाईक. २१, गोतसभा, सांध्यावरची छाप. राज्याभिषेक आता २४ व्या वर्षी. मग मधली तीन वर्षं काय?

---

निपाणीची_पेठ

नजराणा! महजर झाला तरी वरच्या राजाची सनद हवी आणि सनदेला नजर लागते. एका वर्षाचा वसूल मागितला असं धरा: ५०,४००. तिच्याकडे वर्षाला उरतात ७,२००. हप्ते पाडून घेते, तीन वर्षं, दरसाल १६,८००. भरायचे कुठून? वाड्याचे १२,००० अर्ध्यावर आणते, स्वार चाळिसाचे पंधरा करते. हे सोळाव्या वर्षी तिला हवं असलेलं वैभव, ते आता ती स्वतः मोडते. ६,००० वाड्याचे, ४,५०० स्वारांचे, ७,२०० तले उरलेले २,७०० शिल्लक समजू नका, तो पंधरा स्वारांचा पगार आहे, तिथं लेखक घसरतात. चौकीचे १,५००, खासगीचे १,२००. बेरीज १३,२००. दरसाल ३,६०० कमीच. आणि तिकडं बसवंतराव राजाला ५५,००० कबूल करून बसलाय.

---

गल्लीतला_गणप्या

३,६०० कुठनं आणायचे मग?

---

निपाणीची_पेठ

ते लेखकाला सांगायचं नाही, त्यालाच भोगू दे. (मीठ नाही हं. जकात दुप्पट केली तर तांडे जातील.)

---

मलप्रभाकाठ

शेवटचा प्रश्न. चौकी ताब्यात आली त्या दिवशी तिथं बसवायचा कोण? जुना जकातदार चुलत्याचा माणूस.

---

खानापूर_जंगल

त्यालाच ठेवा. लमाण त्याला ओळखतात, कोणता नाईक कुठं खोटं बोलतो ते त्याला पाठ. नवा माणूस पहिल्या हंगामात बुडवेल. फक्त मोजणी दोन ठिकाणी करा. जकातदार वहीत लिहील. खालच्या वळणावर, ओढ्याजवळ, एक म्हातारी ताक विकायला बसेल. दहा बैल गेले की एक चिंचोका गाडग्यात. तिला लिहिता येत नाही, येऊ पण नये.

संध्याकाळी रेवाक्का वही उघडते: ‘बैल १००’. मग गाडगं पदरात उपडं करते आणि चिंचोके एकेक करून ओटीवर मांडते. तेरा.

ती जकातदाराकडे बघत नाही. तेरावा चिंचोका परत गाडग्यात टाकते आणि त्याला विचारते, जेवलात का?